बेळगावात घर घेताना ठेवी, ऊसबिल आणि घरातली रोकड बँकेला कशी दाखवायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला. वडगावात ४२ लाखांचं जुनं घर ठरलंय, २५ लाख कर्ज मिळतंय. स्वतःच्या पैशांपैकी ८ लाख सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) ठेव, ६ लाख बँकेत एफडी, वडिलांच्या ऊसबिलाचे ४ लाख आणि आईजवळ रोख ३ लाख. बँक विचारतेय, मार्जिनचे, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः भरायचे पैसे आले कुठून. आणि मालकाला संचकाराचे (इसाराचे) ५ लाख रोख हवेत.

संचकार लिहून द्यायची घाई करू नका. आधी एफडी सोडून बाकीचे तिन्ही पैसे बँकेतल्या तुमच्या एकाच बचत खात्यात येऊ देत, मगच तारीख घाला. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. पत्रात ‘तीन महिन्यांत खरेदीखत’ लिहून मोकळे होतात आणि नंतर सोसायटीच्या दारात चकरा मारतात.

हिशेब नीट मांडा. घराचे १७ लाख भरले म्हणजे संपलं असं नाही. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे २,१०,०००. त्या शुल्कावर १० टक्के सेस २१,००० आणि शहरात २ टक्के अधिभार ४,२००. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ऐवजी २ टक्के झालीय, म्हणजे ८४,०००. एकूण ३,१९,२००, आणि साधारणपणे बँक हा खर्च कर्जात धरत नाही. तुम्हाला २०,१९,२०० लागणार आणि हातात २१ लाख आहेत. उरतात ८०,८०० रुपये. वकील, बँकेचं प्रोसेसिंग आणि सामान हलवणं एवढ्यातच भागवायचंय. शिवाय सरकारी मार्गदर्शी किंमत ४२ लाखांपेक्षा जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर लागेल. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ती आजच बघून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ सोसायटी खाते, म्हणून सुरुवात तिथून करा. सौहार्द सोसायटी म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमासंरक्षण नसतं, आणि मोठी रक्कम एकदम मागितली की ‘पुढच्या आठवड्यात या’ सुरू होतं. मुदतपूर्व ठेव मोडण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, किमान दोन महिने हातात ठेवा. सोसायटी तिच्या बँक खात्याचा चेक देईल, तो वटून पैसे तुमच्या खात्यात दिसेपर्यंत ८ लाख हिशेबात धरू नका. ‘रोख घ्या, लवकर सुटेल’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. २०,००० किंवा त्याहून जास्त ठेव रोखीत परत करायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रोख घेतलीत की ठेवीचा आणि तुमच्या खात्याचा धागा तिथेच तुटतो. ठेवपावतीची झेरॉक्स पावती परत देण्याआधी काढा आणि शिक्क्यासह खातेउतारा मागून घ्या. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सोसायटीने टीडीएस कापला नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही. रिटर्नमध्ये ते व्याज दाखवलेलं नसेल तर ठेवीचा पुरावा देतानाच ती चूक उघडी पडते. सीएशी बोलून आधी ते दुरुस्त करा.

एफडी मात्र आत्ता मोडू नका. तुमच्या नावावरची पावती मार्जिनचा पुरावा म्हणून बहुतेक बँका मान्य करतात. खरेदीच्या आठ-दहा दिवस आधी मोडली तरी चालते.

ऊसबिल वडिलांच्या खात्यात जमा झालेलं असेल तर अर्धं काम झालंच. कारखान्याची बिलाची पट्टी, पीक म्हणून ऊस नोंदलेला जमिनीचा उतारा आणि त्यांचं पासबुक एकत्र ठेवा. त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात थेट आरटीजीएस करा. सोबत साधं बक्षीसपत्र हवं: मुलाला घरासाठी ४ लाख दिले, परत घ्यायचे नाहीत, तारीख, यूटीआर नंबर (बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक), दोघांच्या सह्या. आईवडिलांकडून मिळालेल्या बक्षिसावर कर नाही. ‘उसने दिले’ असं लिहिलंत तर बँक ते कर्ज धरते आणि तुमची हप्ता भरायची क्षमता कमी मोजते. ही रक्कम निपाणीकडून पिशवीत घालून आणू नका. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर वाटेतल्या तपासणी नाक्यावर ५०,००० वरच्या रोकडीचे कागद मागतात. नसले तर पैसे अडकतात.

आईजवळच्या ३ लाखांकडे जास्त लक्ष द्या. ते तुमच्या खात्यात भरू नका, आईच्या खात्यात तिच्याच पॅनवर एकदाच भरा. पॅन द्यावं लागू नये म्हणून ४९,०००चे तुकडे करून भरण्याची युक्ती गल्लीत सगळेच सांगतात, पण रोजच्या अशा भरण्यानेच बँकेचं लक्ष वेधतं. दुधाचे पैसे असतील तर डेअरीचं बिलपुस्तक, पिग्मीचे असतील तर पिग्मी खात्याचा उतारा आणि पैसे काढल्याची तारीख जपून ठेवा. दुधाचं उत्पन्न शेतीचं म्हणून लिहू नका, कायद्यात ते शेती उत्पन्न धरत नाहीत. आईचं वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेत नसेल तर खरं तेच लिहिण्यात तिचं काही नुकसान नाही. मग तिच्या खात्यातून तुमच्याकडे, वडिलांसारखंच बक्षीसपत्र करून. हे शक्य तितक्या लवकर करा. बँक साधारण सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघते आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात पडलेली रोकड तिच्या डोळ्यांत खुपते.

आता मालकाचे ५ लाख रोख. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. मालकाला हे सरळ सांगा, दंड त्याच्या खिशातून जाणार आहे. तुमचं नुकसान वेगळं आहे. ती रक्कम मार्जिनमध्ये दाखवता येत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर परत मागायला हातात काही नसतं. ‘दोन नंबर’वर अडून बसला तर घर सोडा.

संचकारपत्र कर्नाटकच्या मुद्रांकावरच करा, कोल्हापूरहून आणलेला कागद चालणार नाही. ईसी (घरावरचा बोजा आणि जुने व्यवहार दाखवणारा दाखला) आणि ई-खाता (पालिकेतली मालमत्तेची ऑनलाइन नोंद) बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. ई-खाता नसेल तर नोंदणीच अडते. घर भावाभावांच्या नावावर असेल तर ज्याचा त्याचा हिस्सा त्याच्या त्याच्या खात्यात जाऊ दे. मुखत्यारपत्रावर सही करणाऱ्याच्या खात्यात नको. मालकाचं त्या घरावर कर्ज असेल तर तेवढी रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरा.

पैसे पाठवण्याआधी मालकाचा रद्द केलेला चेक घ्या. पासबुकावरून आयएफएससी उतरवू नका. सिंडिकेटचं पासबुक अजून वापरणारे इथे आहेत, ती बँक २०२० मध्ये कॅनरात गेली आणि कोड बदलले. जमा खातेक्रमांकावर होते, नावावर नाही. हल्ली आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव स्क्रीनवर दाखवण्याची सोय आहे, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्याने जोडलेल्या खात्यावर पैसे पाठवायला पहिल्या दिवशी नेटबँकिंगवर मर्यादा असते, म्हणून शाखेत चेक आणि फॉर्म भरून आरटीजीएस करणं सोपं. मात्र दुसऱ्या-चौथ्या शनिवारी शाखा बंद असते.

शेवटची रक्कम आदल्या दिवशी पाठवू नका. सब-रजिस्ट्रार कचेरीत सर्व्हर बसला, अंगठा उमटला नाही, की दिवस वाया जातो आणि पैसे मात्र मालकाकडे गेलेले असतात. त्यासाठी डीडी काढा. त्याचा नंबर खरेदीखतात लिहायचा आणि सही-अंगठा झाल्यावरच तो हातात द्यायचा. नोंदणी नाहीच झाली तर मूळ डीडी बँकेत परत देऊन रद्द करता येतो. खरेदीखत कानडीत असणार. रकमा, यूटीआर, डीडी नंबर आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग आधार-पॅनशी कानडी वाचता येणाऱ्या माणसाकडून आदल्या दिवशीच ताडून घ्या.