विद्यापीठाजवळची खोली: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे बेळगावातल्या खोल्यांची पत्रं येतात. या वेळी बहुतेक पत्रं चंदगड, खानापूर आणि निपाणी भागातली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलीला राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहाची यादी अजून लागलेली नाही. विद्यापीठाजवळच्या गावात खोली स्वस्त मिळते म्हणतात. तिथे ठेवावी की बेळगावात? (पालक, चंदगड तालुका)

आधी विभागात फोन करून विचारा, पहिल्या सत्राचे तास नक्की कुठे भरणार. विद्यापीठाचा भूतरामनहट्टीचा परिसर काकतीच्या पुढे, कोल्हापूरच्या अंगाला आहे. विद्यापीठाची नवी जागा हिरेबागेवाडीला, म्हणजे धारवाडच्या अंगाला आहे. दोन्ही पुणे-बंगळूर महामार्गावरच, पण शहराच्या दोन टोकांना. प्रवेशाच्या पावतीवर विद्यापीठाचं नाव असतं, वर्गाचा पत्ता नसतो. त्यामुळे हे विचारल्याशिवाय कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

वर्ग भूतरामनहट्टीला असतील, तर गावातल्या खोलीचं भाडं कमी असेल, पण तेवढ्यावर जाऊ नका. खोलीपासून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत स्वतः चालून बघा, तेही संध्याकाळी सातला. महामार्ग कुठे ओलांडावा लागतो, भुयारी रस्ता आहे की दुभाजकातल्या फटीतून पळायचं, सर्व्हिस रोडवर दिवे आहेत का, हे दिवसा कळत नाही. रात्री ताप आला तर औषधाचं दुकान किती लांब आहे? रविवारी मेस बंद असते का? पहिल्या वर्षाच्या मुलीला एकटीला गावात ठेवण्यापेक्षा शहराच्या उत्तरेकडे, रामतीर्थनगर, महांतेशनगर किंवा सदाशिवनगर भागात दोघी-तिघींनी मिळून घर घेणं आम्हाला बरं वाटतं. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर ही वस्ती चांगली, पण ती आरपीडी, जीएसएस किंवा गोगटे कॉलेजच्या मुलांच्या सोयीची. तिथून भूतरामनहट्टीला जायचं म्हणजे आधी मध्यवर्ती बसस्थानक आणि मग दुसरी बस.

बसच्या खर्चात चंदगडकरांची एक गोम आहे. कर्नाटकातल्या महिलांना 'शक्ती' योजनेत ११ जून २०२३ पासून साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. मात्र कंडक्टरला दाखवायच्या ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता हवा. खानापूर कर्नाटकात, तिथली मैत्रीण फुकट जाईल; चंदगड महाराष्ट्रात, म्हणून तुमच्या मुलीला तिकीट काढावं लागेल. समजा एका फेरीला ३० रुपये पडले आणि महिन्यात २४ दिवस तास असले, तर १,४४० रुपये झाले. हा आकडा भाड्यात मिळवा आणि मग कुठली खोली स्वस्त ते ठरवा. प्रवेशाची पावती घेऊन बसस्थानकावरच्या पास काउंटरवर विद्यार्थी पासाची चौकशीही करा. तिकीट वाचावं म्हणून आधारवरचा पत्ता घाईने बदलू नका. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्तीसाठी रहिवासी दाखला लागतो, आणि तिथे हाच बदल आडवा येतो.

खोली बघायला गेल्यावर मालक पंखा लावून दाखवतात, नळ सोडून दाखवतात, सगळं ठीक दिसतं. नेमकं काय तपासायचं? (विद्यार्थिनी, खानापूर)

पंखा आणि नळ मालकाने दाखवले. बाकीचं तुम्ही बघायचं.

भिंतीपासून सुरुवात करा. जमिनीपासून फूट-दोन फुटांवर रंग फुगलेला, पांढरा खार आलेला किंवा फक्त खालच्याच पट्ट्याला ताजा रंग मारलेला असेल तर पाणी तिथवर चढतं. कपाट भिंतीला चिकटून असेल तर ते सरकवायला सांगा. बेळगावचा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळू देत नाही. ओल्या खोलीत गाद्यांना बुरशी येते आणि पुस्तकं फुगतात. शहापूर-वडगावच्या खालच्या अंगाला, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला तळमजला बघत असाल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, '२०१९ च्या ऑगस्टात इथे पाणी कुठवर होतं?' तो हाताने भिंतीवर उंची दाखवेल.

पाण्याचं गणित मालकाच्या तोंडी ठेवू नका. बेळगावच्या ५८ प्रभागांपैकी १० प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना सर्वांत आधी झाली. बाकी भागात पाणी किती दिवसांनी येतं ते गल्लीगणिक बदलतं. मालक 'रोज येतं' म्हणेल, म्हणून तळमजल्यावरच्या बाईंना वार विचारा. मग हिशेब सोपा आहे: चौघींना दिवसाला प्रत्येकी १०० लिटर धरले आणि पाणी पाच दिवसांनी येत असेल, तर २,००० लिटर साठवण हवी. गच्चीवर १,००० लिटरची एकच टाकी आणि ती दोन बिऱ्हाडांत वाटलेली असेल तर तिसऱ्या दिवशी भांडणं ठरलेली. उन्हाळ्यात टँकर मागवला तर पैसे कोणी द्यायचे, तेही आताच बोलून घ्या.

विजेचं काम दहा मिनिटांचं आहे. मेन बोर्डावर 'टेस्ट' असं लिहिलेलं छोटं बटण असलेला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच आहे का बघा, त्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) असं छापलेलं हवं. बटण दाबलं की वीज जायला पाहिजे. गेली नाही तर तो शोभेचा आहे. अर्थिंगसाठी वायरमनला टेस्ट लँप घेऊन बोलवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब जितका लख्ख पेटतो, तितकाच फेज आणि अर्थमध्ये पेटला पाहिजे, किंवा आरसीसीबी पडून वीज गेली पाहिजे. मंद पेटला तर अर्थिंग कच्चं आहे. पेटलाच नाही आणि वीजही गेली नाही, तर तीन पिनांचं सॉकेट नुसतं भिंतीत बसवलेलं आहे, मागे अर्थची तार नाही. पाणी तापवायची १,५०० वॉटची कॉइल साडेसहा अँपिअर ओढते. खोलीतलं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. रोज सकाळी वीस-वीस मिनिटं लावली की ते आतून करपायला लागतं. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसले तर आधीच्या भाडेकरूने हेच केलेलं आहे. कॉइलसाठी मोठं १६ अँपिअरचं सॉकेट मागा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर ती खोली घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग पायांतली ताकद जाते आणि कडीपर्यंत हात पोहोचत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसणं, गिझरच्या तोंडावर काजळी धरणं ही धोक्याची खूण आहे. गिझर बाहेरच्या गॅलरीत आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप, अशी व्यवस्था असेल तर चालेल. कुणी आत बेशुद्ध पडलंच तर आधी दार उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गिझर नंतर बघा.

आणखी एक, मुलींच्या पीजीत हमखास दिसणारं. जिन्याला लोखंडी सरकतं फाटक, रात्री दहाला कुलूप, आणि चावी फक्त मालकाच्या घरात. सुरक्षिततेसाठी म्हणून हे करतात, पण रात्री आग लागली किंवा शॉर्टसर्किट झालं तर बाहेर पडायला वाट कुठली? एक चावी आतल्या बाजूला, सर्वांना माहीत असलेल्या जागी हवी. याला नकार देणाऱ्या मालकाशी वाद घालत बसू नका, दुसरी जागा बघा.

उद्यमबागजवळ एक घर 'लीज'वर मिळतंय. चार लाख एकदम द्यायचे, तीन वर्षं भाडं नाही, सोडताना पूर्ण रक्कम परत. आम्ही तिघं मित्र आहोत. फायद्याचं आहे का? (विद्यार्थी, निपाणी)

महाराष्ट्रातून आलेल्यांना हा प्रकार नवा वाटतो. कर्नाटकात तो जुना आहे, कन्नडमध्ये 'भोग्य' म्हणतात. चार लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० रुपये व्याज आलं असतं, म्हणजे महिन्याला साधारण २,३३३ रुपये. हेच तुमचं खरं भाडं. तशा घराचं महिना भाडं सहा-सात हजार असेल तर कागदावर सौदा उत्तम आहे.

भीती मुद्दल परत मिळण्याची. मालकाला एकरकमी पैसे बहुतेक वेळा कुठलं तरी कर्ज फेडायला हवे असतात, आणि तेच घर बँकेत किंवा सोसायटीत गहाण असू शकतं. तुमच्या आधीचं गहाण असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. तुमचे चार लाख मग मालकाकडून वसूल करत बसायचे. म्हणून कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून त्या मिळकतीचा किमान पंधरा वर्षांचा ईसी, म्हणजे बोजाचा दाखला काढा. त्यात व्यवहार नोंदलेले असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६. तेवढ्यावर थांबू नका, कारण कागद ठेवून घेतलेलं कर्ज ईसीत दिसेलच असं नाही. मालकाला मूळ खरेदीखत दाखवायला सांगा. झेरॉक्सच पुढे येत असेल तर मूळ कागद कुणाच्या तिजोरीत आहे, हा प्रश्न स्पष्ट विचारा.

मुदत एका वर्षापेक्षा जास्त असल्यामुळे हा करार उपनिबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो. मालक 'नोटरी केली की झालं' म्हणतील. नोंदणी नसलेला तीन वर्षांचा करार त्यातल्या अटींचा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. रक्कम रोख देऊ नका, तिघांच्या खात्यांतून बँकेनेच द्या आणि कुणाचे किती ते करारात लिहा. एक मित्र दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून गेला तर त्याचा वाटा कोण देणार, हेही आपापसात लिहून ठेवा. आमचं मत विचाराल तर विद्यार्थ्यांनी चार लाखांची जोखीम घेऊ नये. आईवडिलांनी शेतीच्या कर्जातून काढलेले पैसे असतील तर मुळीच नको.

मालकाने अकरा महिन्यांचा करार कन्नडमध्ये केला आहे. वाचता येत नाही, तरी सही करू का? डिपॉझिट किती योग्य? (पालक, आजरा)

कन्नड करार कायदेशीरच आहे, आणि 'मला वाचता येत नव्हतं' हे नंतर फारसं कुणी ऐकत नाही. कन्नड येणाऱ्या माणसाकडून एकेक कलम वाचून घ्या, मराठीत शेजारी लिहून काढा, मगच सही. तीन कलमं विशेष बघा: सोडण्याची सूचना किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि रंगाचे पैसे कापणार का. 'सोडताना एका महिन्याचं भाडं रंगासाठी' अशी ओळ सर्रास असते. ती काढून घेता आली तर बरंच, नाहीतर आकडा तरी ठरवून घ्या. अकरा महिने ठेवतात ते वर्षाच्या आत नोंदणीची सक्ती नसते म्हणून. यात वावगं काही नाही.

डिपॉझिटसाठी केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक नसते, पण घासाघीस करताना दाखला म्हणून उपयोगी पडते. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, मीटरच्या आकड्याचे फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. आधारची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर आडवं 'फक्त भाडेकरारासाठी' आणि तारीख लिहा.

वीजबिल शून्य येतं असं शेजारी सांगतात. मालक मात्र आमच्याकडून युनिटला दहा रुपये घेतो. (विद्यार्थी, भाग्यनगर)

कर्नाटकाच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूही बसतो. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक असतो. तो, आधार आणि भाडेकरार घेऊन सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर नोंदणी होते. २०२२-२३ मधल्या महिन्याच्या सरासरी वापरात १० टक्के मिळवून जो आकडा येतो, तेवढे युनिट मोफत. सरासरी ८० असेल तर ८८ पर्यंत. त्याच्या वर गेलात तर जादा युनिटचे पैसे, आणि महिन्याला २०० ओलांडले तर सगळ्याच बिलाचे. आधीच्या भाडेकरूचं आधार त्याच आरआर नंबरला जोडलेलं असेल तर ते आधी काढून घ्यावं लागतं.

तुमच्या खोलीला वेगळा आरआर नंबर नसून मालकाच्या मीटरखाली सबमीटर असेल, तर सवलत त्याच्या एका मीटरलाच मिळते. मूळ बिल दाखवा म्हणा. ते शून्य असताना तो तुमच्याकडून घेत असेल तर बोलायला जागा आहे.

गल्लीत 'मने बाडिगेगे इदे' अशा पाट्या दिसतात. ऑनलाइन जाहिरातींपेक्षा त्या बऱ्या का? (विद्यार्थिनी, हलकर्णी)

बऱ्या. तिचा अर्थ 'घर भाड्याने देणे आहे', आणि पाटी लावणारा मालक तिथेच राहतो, दलालीही वाचते. ऑनलाइन जाहिरातीत एक खास सापळा आहे: 'मी सैन्यात आहे, बदली झाली, घर रिकामं आहे, टोकन पाठवा म्हणजे चावी मिळेल.' बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने ही गोष्ट इथे पटकन पटते. समोरचा गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. मग 'तुमचेच पैसे परत करतो' म्हणून क्यूआर कोड येतो आणि पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना पिन लागत नाही, फक्त देताना लागतो. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पाठवला गेलाच असेल तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते, ती सुरुवातीलाच.