बेसबॉलमध्ये बॅटिंगचा क्रम कसा लावायचा?

तुम्ही विचारलंय की क्रिकेटसारखं भरवशाचे आधी, फटकेबाज मागे असं बेसबॉलमध्ये चालेल का. नाही चालणार. क्रिकेटचा क्रम शेवटच्या गड्यापाशी संपतो, बेसबॉलचा रहाटासारखा फिरत राहतो. नववा खेळला की पुन्हा पहिला. तीन आउट होऊन इनिंग संपली, तर पुढची इनिंग जिथे थांबलो त्याच्या पुढच्या बॅटरपासून सुरू होते. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा खेळाडू खात्रीने सलामीला येतो तो फक्त पहिल्या इनिंगमध्ये.

म्हणून आधी संधी मोजायच्या. खेळाडूला एक क्रमांक खाली उतरवलं की मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) १६२ सामन्यांच्या मोसमात त्याला सुमारे १८ वेळा कमी खेळायला मिळतं. चांगले बॅटर वर हवेत ते यासाठी.

पण चांगला कोण? नऊ इनिंगमध्ये आपल्याकडे २७ आउट असतात, तेवढंच भांडवल. जो आउट न होता बेसवर (मैदानातल्या थांब्यावर) पोचतो तो चांगला, मग हिट मारून पोचो की आवाक्याबाहेरचे चार वाईट बॉल सोडून वॉक, म्हणजे पहिला बेस फुकटात, घेऊन. फिलाडेल्फिया फिलीज या मेजर लीग संघाने २०२३ मध्ये बहुतेक सामन्यांत काइल श्वारबरला पहिला पाठवलं. सरासरी (वॉक न धरता दर संधीमागे हिट) अवघी ०.१९७! पण वॉक १२६, होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ४७, आणि दर तीन वेळांत एकदा तरी तो बेसवर. मेजर लीगमधल्या रिकी हेंडरसनच्या १,४०६ बेसचोऱ्या (फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठणं) सगळ्यांना आठवतात. त्याचे २,१९० वॉक मला जास्त मोलाचे वाटतात. पहिल्या बेसवर पोचल्याशिवाय दुसरा चोरणार कसा?

दुसऱ्या क्रमांकावर पूर्वी बंट करून (बॉल नुसता हलकेच ढकलून, स्वतः आउट होऊन) रनरला, म्हणजे बेसवर असलेल्या गड्याला, पुढे सरकवणारा ठेवत. हातचा आउट असा देऊन टाकणं मला पटत नाही. तिथे सर्वोत्तम बॅटर ठेवा. तिसरा पहिल्या इनिंगमध्ये पुष्कळदा दोन आउट आणि रिकाम्या बेसवर येतो, त्यामुळे सगळ्यात ताकदवान फटकेबाज चौथा बरा. न्यूयॉर्क यांकीज संघात बेब रूथ तिसरा आणि लू गेरिग चौथा खेळायचा. १९२९ साली संघाने जर्सीवर आकडे घातले तेही याच क्रमाने, रूथला ३ आणि गेरिगला ४. पाचव्यापासून पुढे उतरत्या क्रमाने लावा. फक्त नववा अगदीच कच्चा नको, कारण त्याच्यामागून तुमचा पहिला येतो.

डावखुरे तीन-चार एकापाठोपाठ ठेवू नका. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर (बॉल टाकणारा) जड जातो, आणि समोरचा संघ तसा पिचर आणून त्यांना एकदमच अडकवतो.

इथे अमेरिकेत मी मुलाच्या संघाला दोन मोसम मदत केली. लहान मुलांच्या आमच्या सामन्यांत हजर असलेली सगळीच मुलं बॅटिंग करायची. एक बारकासा मुलगा कायम शेवटी असे. त्याला जोर नव्हता, पण वाईट बॉलला तो बॅट लावत नसे. मी त्याला पहिला पाठवायला सांगितलं. तो वॉक घेऊन पळत बेसवर जायचा आणि मागच्या मुलांना रनर मिळायचा. तुमच्या संघातही असा कुणी मागे पडलाय का, ते नक्की बघा.

आणि लाइनअप कार्ड (बॅटिंगचा क्रम लिहिलेला कागद) पंचांना देण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. कुणी क्रम चुकवून खेळला आणि समोरच्यांनी वेळेत दाद मागितली, तर ज्याची खरी पाळी होती तो आउट ठरतो.