विल्यम्स यांची 'अपहरणाची फाइल' मिळत नसेल तर आधी आरोप वेगळे करा

तुमची पोस्ट वाचली. रॉबर्ट एफ. विल्यम्स यांच्यावर मराठीत दीर्घ लेख लिहिताय, अमेरिकेतल्या एका केंद्रीय कार्यालयाकडे '१९६१ च्या अपहरण खटल्याची फाइल' मागितली, आणि 'अशी नोंद आढळली नाही' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. या अडचणीशी माझी जुनी ओळख आहे. विल्यम्स हे नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मन्रो गावचे, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे आणि सशस्त्र स्वसंरक्षणाचा पुरस्कार करणारे नेते, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

कागद आहेत, तुम्ही दार चुकीचं ठोठावलंय. विल्यम्स यांच्यावर दोन वेगळ्या सरकारांचे दोन वेगळे आरोप होते. अपहरणाचा आरोप नॉर्थ कॅरोलायना राज्याचा, युनियन काउंटी या जिल्ह्यातला. केंद्राचा आरोप 'खटला टाळण्यासाठी राज्याची हद्द ओलांडून पळाले' एवढाच, आणि एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा त्यांच्या मागे लागली ती त्यावर. तेव्हा खटल्याचे कागद राज्याकडे मागा आणि केंद्राकडे 'फरारी' म्हणून असलेली नोंद. हा फरक न करणं हीच या विषयातली सगळ्यात महाग पडणारी चूक. महिने वाया जातात, आणि वर लेखात 'एफबीआयने अपहरणाचा खटला भरला' असं धडधडीत चुकीचं वाक्य जातं.

अर्जात पूर्ण नाव रॉबर्ट फ्रँकलिन विल्यम्स, जन्म २६ फेब्रुवारी १९२५, मन्रो, मृत्यू १५ ऑक्टोबर १९९६, हे सगळं घाला. नुसत्या 'रॉबर्ट विल्यम्स' नावाची माणसं तिकडे ढिगाने आहेत. मृत्यूच्या बातमीचं कात्रणही जोडा. आपल्या माहिती अधिकाराला नागरिकत्वाची अट आहे, तिकडच्या कायद्याला नाही, त्यामुळे भारतातून अर्ज चालतो. (मी वकील नाही. नियम बदलतात, पाठवण्याआधी ताजे तपासा.) एका कार्यालयाने मला 'नोंद आढळली नाही' हेच उत्तर पुन्हा पुन्हा पाठवलं. ही नोंद राज्याकडे असते, तिकडे विचारा, एवढं एक वाक्य लिहायला त्यांचं काय जात होतं? परदेशातून विचारणाऱ्याला ते कळणार कसं? राग येतो तो याचा.

आता एफबीआयच्या 'पाहिजे' पत्रकाबद्दल. त्यात विल्यम्स यांना स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालंय आणि ते अत्यंत धोकादायक आहेत, असं छापलं होतं. अनेक लेखक ते आयुष्याचा तपशील म्हणून उचलतात. कृपया तसं करू नका. पत्रक हा पोलिसांचा दावा आहे, तो दावा म्हणूनच द्या. मूळ घटना अशी: २७ ऑगस्ट १९६१ ला मन्रोत निदर्शकांवर गोऱ्या जमावाने हल्ला केला. त्या संध्याकाळी एक गोरं जोडपं गाडीने काळ्या वस्तीत आलं आणि चिडलेल्या लोकांनी त्यांना घेरलं. विल्यम्स यांनी त्यांना घरात घेतलं, आणि काही वेळाने ते जोडपं सुखरूप परत गेलं. आरोप उभा राहिला तो यावर. त्याच रात्री विल्यम्स कुटुंबासह निघाले, न्यूयॉर्क आणि कॅनडामार्गे क्यूबाला पोहोचले. अमेरिकेतच राहिलेल्या कार्यकर्त्या मे मॅलरी आणि इतर तिघांना १९६४ मध्ये शिक्षा झाली. ती १९६५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळातून, म्हणजे ग्रँड ज्युरीतून, काळ्यांना वगळलं होतं.

माझं स्पष्ट मत असं की लेख क्यूबाच्या राजधानीपासून, हवानापासून सुरू करू नये. १९५७ चा, मन्रोतला फक्त गोऱ्यांसाठीचा जलतरण तलाव घ्या. काळ्या मुलांसाठी आठवड्यातला एखादा दिवस मागितला, तर उत्तर आलं की त्यानंतर दर वेळी पाणी बदलणं परवडणार नाही! त्याच वर्षी ऑक्टोबरात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेच्या गाड्यांचा ताफा विल्यम्स यांचे सहकारी डॉ. अल्बर्ट पेरी यांच्या घरावर चालून आला, विल्यम्स यांच्या माणसांनी वाळूच्या पोत्यांआडून गोळीबाराला उत्तर दिलं, आणि मग नगरपरिषदेने अशा ताफ्यांवर निर्बंध घातले. मे १९५९ मध्ये गरोदर काळ्या स्त्रीवर बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप असलेला गोरा माणूस निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर विल्यम्स म्हणाले की इथे न्याय मिळत नसेल तर हिंसेला हिंसेनेच उत्तर द्यावं लागेल. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. निकाल न सांगता नुसतं ते विधान छापलं की माणूस माथेफिरू दिसतो. दोन्ही एकाच परिच्छेदात ठेवा.

क्यूबा आणि चीनमुळे त्यांना सरसकट 'कम्युनिस्ट' म्हणणंही टाळा. 'रेडिओ फ्री डिक्सी' १९६२ पासून हवानाहून शुक्रवारी रात्री लागायचा, जॅझ आणि चळवळीच्या बातम्या. पण वर्गाचा प्रश्न सुटला की वर्णाचाही सुटेल, हे क्यूबातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या लोकांचं म्हणणं विल्यम्स यांना पटलं नाही. खटके उडत गेले आणि १९६६ मध्ये ते बीजिंगला गेले.

आपल्या वाचकाला दलित पँथरमुळे ब्लॅक पँथर हे नाव ओळखीचं आहे. तो धागा जरूर घ्या, पण क्रम सांभाळून: विल्यम्स यांचं 'नीग्रोज विथ गन्स' १९६२ चं, ब्लॅक पँथर पक्ष १९६६ चा, आणि त्या पक्षाचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन यांच्यावर त्या पुस्तकाचा प्रभाव होता. आपली दलित पँथर १९७२ ची.

परतीबद्दल एकच सूचना. सप्टेंबर १९६९ मध्ये ते डेट्रॉइटला उतरले, मिशिगनमधून नॉर्थ कॅरोलायनाच्या ताब्यात जायचं की नाही यावर अनेक वर्षं लढले, आणि जानेवारी १९७६ मध्ये आरोप मागे घेतले गेले. 'निर्दोष सुटले' असं लिहू नका, खटला चाललाच नाही.

त्यांचे स्वतःचे कागद मिशिगन विद्यापीठाच्या बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात आहेत आणि त्यांची मायक्रोफिल्मही निघालेली आहे. सरकारी फाइलींआधी तिकडे लिहा. शोधताना त्यांच्या पत्नी मेबल विल्यम्स यांचं नावही टाका. 'द क्रुसेडर' हे पत्रक आणि तो रेडिओ कार्यक्रम दोघांनी मिळून चालवला होता, आणि बहुतेक लेखांत मेबल यांचा उल्लेख फक्त 'पत्नी' म्हणून येतो.