एडिनबरासाठी तीन दिवस आहेत. मार्गदर्शकासोबतच्या सहली घ्याव्यात की स्वतःच हिंडावे? स्थानिक संस्कृती कुठे अनुभवता येईल?

पहिल्या दिवशी सकाळी जाणकार मार्गदर्शकासोबत जुन्या शहराची एक पायी सहल अवश्य करावी आणि त्यानंतर बराचसा वेळ स्वतःसाठी मोकळा ठेवावा, असे माझे मत आहे. शिक्षणाच्या निमित्ताने मी या शहरात राहिलो आहे आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांनाही नेहमी हेच सुचवत आलो आहे. एडिनबरात रस्त्यावरून जेवढे दिसते, त्याच्या खाली आणि मागे तेवढेच दडलेले आहे, आणि ते सांगणाऱ्या माणसाशिवाय उमगत नाही.

किल्ल्याच्या खडकापासून पूर्वेला होलीरूड राजवाड्याकडे उतरत गेलेल्या डोंगरसोंडेवर रॉयल माइल हा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही अंगांना ‘क्लोज’ म्हणून ओळखले जाणारे अरुंद बोळ उतरतात. तटबंदीच्या आत पसरायला जागा नसल्यामुळे इथली घरे मजल्यांवर मजले चढवत उंच होत गेली. एकाच जिन्याने मधल्या मजल्यावरचा सधन वकील आणि अगदी वरच्या मजल्यावरचा गरीब कामकरी असे दोघेही ये-जा करत. ॲडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी उभे राहून खाली पाहिले, की पायऱ्यांच्या शेवटी दोन भिंतींच्या फटीत कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या स्मारकाचा काळवंडलेला मनोरा दिसतो. जुने आणि नवे शहर एकमेकांसमोर कसे उभे आहे, हे तिथे एका नजरेत कळते.

तिकीट काढून घ्यायची सहल निवडायची असेल, तर मेरी किंग्ज क्लोजची निवडावी. 1753 मध्ये रॉयल एक्स्चेंजच्या, म्हणजे आजच्या सिटी चेंबर्सच्या, बांधकामाला सुरुवात झाली, तेव्हा या बोळातल्या घरांचे वरचे मजले उतरवण्यात आले आणि खालच्या भागांवर नवी इमारत उभी राहिली. 1645 च्या प्लेगची झळ सोसलेल्या त्या खोल्या आजही जमिनीखाली आहेत. तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येते आणि तो जुन्या काळच्या रहिवाशाच्या वेशात बोलतो. गर्दीच्या दिवसांत आगाऊ आरक्षण केलेले बरे. साउथ ब्रिजखालच्या तळघरांची कथाही अशीच आहे. 1788 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या 19 कमानींपैकी आज एकच उघडी दिसते. बाकीच्या इमारतींच्या आड गेल्या, आणि त्यांच्या पोटातल्या खोल्यांत आधी कारागीर व व्यापाऱ्यांची कोठारे होती, मग ओल झिरपू लागल्यावर ती गेली आणि निराधार माणसे राहू लागली.

रात्रीच्या भुताच्या सहलींची जाहिरात आपल्याला जागोजागी दिसेल. केवळ दचकवण्यासाठी आखलेल्या सहलींवर पैसे घालवू नयेत, कारण इथला खरा इतिहास त्याहून अंगावर येणारा आहे. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत काही थडग्यांवर जाड लोखंडी पिंजरे दिसतात. वैद्यकीय शिक्षणासाठी प्रेते चोरून विकली जात, म्हणून नातेवाइकांनी केलेला हा बंदोबस्त होता. बर्क आणि हेअर या कुप्रसिद्ध जोडगोळीने मात्र थडगी उकरली नाहीत. त्यांनी 1828 च्या अखेरपर्यंत 16 माणसांचे खून करून त्यांची प्रेते शरीरशास्त्राचे अध्यापक डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना विकली. बर्कला 1829 मध्ये फाशी झाली आणि त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. 1832 च्या कायद्याने अभ्यासासाठी प्रेते मिळण्याची रीतसर सोय झाली, तेव्हा हा व्यापार थांबला. हे सगळे नीट उलगडून सांगणारा मार्गदर्शक मिळाला, तर दफनभूमीतला एक तासही अपुरा वाटतो.

वास्तुविशारद जेम्स क्रेगच्या 1767 च्या आराखड्यानुसार वसवलेले न्यू टाउन, म्हणजे नवे शहर, नकाशा घेऊन आपले आपण पाहता येते. किल्ल्याजवळचा आउटलुक टॉवर मात्र मराठी माणसाने चुकवू नये. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1892 मध्ये तो हाती घेऊन शहराच्या अभ्यासाचे केंद्र बनवला, आणि याच गेडिस यांनी 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी जपून सुधाराव्यात, हा त्यांचा आग्रह या शहराच्या बोळांत राहूनच घडला होता.

संस्कृतीसाठी संध्याकाळ राखून ठेवावी. फॉरेस्ट रोडवरच्या सँडी बेल्स या पबमध्ये वादक व्यासपीठावर न बसता एका टेबलाभोवती बसून फिडल (व्हायोलिन) आणि बासरी वाजवतात. मद्य घेत नसाल तरी संकोच करू नये. एखादे सरबत घेऊन बसावे, मात्र वादन चालू असताना मोठ्याने बोलू नये. हाय स्ट्रीटवरच्या स्कॉटिश स्टोरीटेलिंग सेंटरमध्ये कथाकथनाचे कार्यक्रम होतात, त्यांचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. शाकाहारी असाल तर हॅगिस या मूळच्या मांसाहारी स्कॉटिश पदार्थाचा ओट, डाळी आणि भाज्यांचा शाकाहारी प्रकार बऱ्याच ठिकाणी मिळतो. राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे आणि पावसाच्या दुपारी त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

ऑगस्टमध्ये महोत्सवांमुळे शहर भरून वाहते आणि खोल्या फार महाग होतात, म्हणून शांतपणे पाहायचे असेल तर मे किंवा सप्टेंबर निवडावा. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट उपयोगी पडते, कारण वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. ‘मोफत’ म्हणवणाऱ्या पायी सहलींच्या शेवटी मार्गदर्शकाला योग्य मानधन द्यावे, कारण त्याची कमाई मुख्यतः त्यावरच असते.