हॉपकिन्सविरुद्धच्या पहिल्या सामन्याआधी

मेरीलँड विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातले (टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलण्या-फेकण्याचा हा खेळ) तुझे हे पहिलेच वर्ष आहे आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाविरुद्धचा सामना तोंडावर आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हे दोन संघ १८९५ मध्ये प्रथम एकमेकांसमोर उभे राहिले आणि आजवर त्यांच्यात शंभराहून अधिक लॅक्रॉस सामने झाले आहेत. बाल्टिमोरच्या होमवूड मैदानावर प्रेक्षक अगदी जवळ बसतात, त्यामुळे गोलरक्षकाची हाक कानांवर येईलच असे गृहीत धरू नकोस. हातांच्या खुणा आधीच ठरवून घे.

माझ्या मते या सामन्यात सर्वाधिक फरक जमिनीवरच्या सुट्या चेंडूंनी पडतो. चेंडू उचलताना गुडघे वाकवून, स्टिकची मागची मूठ जवळजवळ जमिनीला टेकेल इतकी खाली न्यावी, दोन्ही हात स्टिकवर ठेवावेत आणि चेंडू स्टिकच्या जाळीत येताच न थांबता पुढे धावावे, कारण जागीच थांबून एका हाताने चेंडू खेचणाऱ्याला प्रतिस्पर्धी हमखास गाठतो. रोज भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव करशील तेव्हा कमजोर हाताला अधिक वेळ दे. चेंडू ताब्यात आल्यावर गोलवर फटका मारण्यासाठी ८० सेकंदांचेच घड्याळ असते, तरी पहिल्याच संधीला घाईने फटका मारू नकोस.

पावसात जाळीचा ताण बदलतो आणि फेक चुकू लागते. दुसरी, वापरून सरावलेली स्टिक बाकाजवळ तयार ठेव आणि दोन्ही जाळ्या नियमांत बसतात का, हे आदल्या दिवशीच तपासून घे.