पाहुण्यांची यादी

नाशिक, जानेवारी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून रेडिओवरचा सकाळचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम तुझ्याकडे येतोय, छान झालं. तुझ्या पत्रात प्रश्न एकच आहे, पण तू तो तीनदा विचारलायस: पाहुण्यांपुढे माझं रागांचं ज्ञान कमी पडलं तर? पडू दे गं. पाहुणे तुझी परीक्षा घ्यायला येत नाहीत. उलट तेच घाबरलेले असतात.

म्हणून तर आवडत्या गाण्यांची पहिली यादी इस्त्री करून आणतात. डॉक्टर असो की वकील, भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी हटकून असणार. त्यात खोटं काही नसतं, पण ती यादी लोक काय म्हणतील या धाकाने केलेली असते. ती घे, बाजूला ठेव, चहा मागव आणि विचार, "हे पहिल्यांदा कुठे ऐकलंत? घरात कोण लावायचं?" यादीतली दोन नावं आपोआप गळतात आणि एक नवंच येतं. ते धरून ठेव.

हिशेबाचं एवढंच: तासाभरात एक पूर्ण ख्याल, संथ विलंबित आणि जलद द्रुत मिळून २५-३० मिनिटांचा, आणि दोन-तीन छोट्या रचना. पाहुणे आठ गाणी आणतात. छोटं हवं असेल तर ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांकडे वळ. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात राग उभा करायचा. गायक द. वि. पलुस्करांचं ऐकून बघ. त्यांचा जन्म नाशिकचा, १९२१ चा. वडिलांनी, विष्णु दिगंबरांनी, इथेच रामनाम आधार आश्रम काढला होता. वडील १९३१ मध्ये गेले तेव्हा बापूराव, म्हणजे द. वि., दहा वर्षांचे, आणि स्वतः गेले ते चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये. आपल्या गावच्या पाहुण्यांच्या यादीत हे नाव क्वचितच यायचं आणि मी दरवेळी मनात चरफडायचो. पण पाहुण्यांच्या तोंडी घालू नकोस. पाहुणे नसतील त्या दिवशी तू लाव.

आता माझी चूक सांगतो. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. त्यांनी किशोरीताईंचा भूप राग मागितला. मी म्हटलं, "काका, भूप रात्रीचा. सकाळी देशकार लावू, सूर तेच आहेत." सा, रे, ग, प, ध, दोन्हीकडे हेच पाच. भूप गंधारावर, म्हणजे 'ग'वर विसावतो, देशकार धैवताकडे, म्हणजे 'ध'कडे झेपावतो, हे सगळं मी त्यांना ऐटीत समजावून सांगितलं. ते हसले, "लावा की," म्हणाले. देशकार वाजला. त्यानंतर पाऊण तास त्यांच्याकडून "हो", "बरोबर" आणि "तसंच काही नाही" याखेरीज एक शब्द निघाला नाही.

बाहेर चपला घालताना बोलले. पारा उतरला की घडातले मणी तडकतात, म्हणून हे रात्रभर बागेत शेकोट्या लावत बसायचे. एका गड्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेट एकच. पहाटे तीन वाजता धुरात, डोळ्यांतून पाणी गळत असताना तो भूप ऐकलेला. "तुमचा राग चांगला आहे हो साहेब," म्हणाले, "पण माझ्या बागेत तो वाजत नव्हता."

हे सगळं माइकसमोर यायला हवं होतं. माझ्या शास्त्रापायी ते चपलांपाशी सांडलं.

तरीही वेळेचा नियम मी टाकाऊ म्हणणार नाही. मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे तोडी, ललत, देशकार यांना हक्काची जागा रेडिओवरच उरली आहे. तुझी स्वतःची निवड असेल तेव्हा घड्याळ कसोशीने पाळ. पाहुण्यांसाठी मोड आणि श्रोत्यांना एका वाक्यात सांग, "हा राग रात्रीचा, पण यांनी तो पहाटे ऐकला." रागावून फोन करणारे एक-दोघं असतीलच. त्यांनाही बोलू दे, ते मन लावून ऐकतात म्हणून तर रागावतात.

बाकी किरकोळ. गाणं संपल्यावर लगेच बोलू नकोस, तंबोरा विरेपर्यंत थांब. त्या चार सेकंदांत हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरकडे शिवशिवतो, तो मांडीवर ठेव. कापायचंच झालं तर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर काप. तान अर्धी असताना आवाज खाली ओढलास तर पाहुण्यांचा चेहरा बघ, पुन्हा करणार नाहीस. आणि "स्वर्गीय सूर", "मंत्रमुग्ध" हे शब्द एक वर्षभर वापरू नकोस. माझ्या आयुष्यात ते फार झाले.

कपाटात खालच्या कप्प्यात माझी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची खरी लांबी मी घड्याळ लावून लिहिली आहे, कारण डब्यांवरच्या लेबलांवर विसंबून मी दोनदा बातम्यांना उशीर केलाय. त्यातल्या अहिरभैरवापुढे "१२व्या मिनिटाला खोकला" असं लिहिलंय. तो श्रोत्यांतल्या कुणाचा तरी आहे. मागे एका मुलाने तो संगणकावर काढून टाकायची तयारी केली होती, मी काढू दिला नाही. तूही राहू दे.

तुझा,
काका