पाणी काचेसारखं दिसतंय, मग प्लांट चांगला म्हणायचा का?

प्रश्न : मी एका एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर) नवीनच सुपरवायझर म्हणून लागलोय. आउटलेटचं पाणी काचेसारखं दिसतं, रिपोर्टमध्ये बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप) ९० टक्के कमी झालेला असतो. साहेब म्हणतात प्लांट मस्त चाललाय. एवढ्यावरून ठरवता येतं का?

उत्तर : नाही हो, नाही ठरवता येत, आणि तुम्हाला ही शंका आली हे फार बरं झालं. आधी टक्क्यांचं बघा. इनलेटला बीओडी ३०० आणि आउटलेटला ३० असेल तर ९० टक्के, दुसरीकडे इनलेटला १०० आणि आउटलेटला १५ असेल तर ८५, म्हणजे कागदावर पहिला प्लांट भारी पण पाणी जास्त घाण सोडतोय तोच! त्यामुळे आउटलेटचा मिलिग्रॅम प्रति लिटर आकडा बघायचा, आणि सॅम्पल कधी घेतलं तेही विचारायचं, कारण लोड, म्हणजे येणारी घाण, कमी असताना एकच बाटली भरली तर रिपोर्ट छानच येणार, २४ तासांचं कंपोझिट सॅम्पल (दिवसभर थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं) हवं. अमोनिया, फॉस्फेट तर डोळ्यांना दिसतच नाहीत.

रोज एक गोष्ट स्वतःच्या हाताने करा. एरेशन टँकमधलं (जिथे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेतात) पाणी १ लिटरच्या सिलिंडरमध्ये घ्या आणि ३० मिनिटं अजिबात हलवू नका. चॉकलेटी गाळ हळूहळू खाली बसतो, वर नितळ पाणी सुटत जातं, ते समोर बसून बघा, खूप कळतं त्यातून. गाळ ३०० मिलिलिटरवर थांबला आणि एमएलएसएस (टँकच्या १ लिटर पाण्यातला सुका गाळ, मिलिग्रॅममध्ये) ३००० असेल तर एसव्हीआय, म्हणजे १ ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, १००, म्हणजे ठीक. तोच सारखा १५० च्या वर जायला लागला तर गाळ फुगतोय, बहुतेक तंतूसारखे जिवाणू माजलेत, आणि बीओडीचा रिपोर्ट यायला ३ ते ५ दिवस लागतात, तोवर गाळ क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहून गेलेला असेल.

आता प्लांट पुढे परवडणार का, ते. साधारण अर्धी वीज, कधी त्याहून जास्त, एकटे ब्लोअर (टँकमध्ये हवा सोडणारे पंखे) खातात, म्हणून १ किलो बीओडी काढायला किती युनिट लागली हा हिशोब दर महिन्याला मांडा. टँकमध्ये डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास पुरतो, ५-६ ठेवला तर नुसती वीज जाते.

आणि गाळ, हा विषय सगळेच टाळतात. पाण्यातून काढलेली घाण गायब होत नाही, तिचा बराचसा भाग गाळ बनून तुमच्याकडेच राहतो, तो प्लांटच्या मागे नुसता ओतला तर पावसात परत पाण्यातच जाणार. महिन्याला किती गाळ निघाला आणि कुठे गेला याचं रजिस्टर आहे का ते उद्याच बघा. नसेल तर साहेबांना ९० टक्क्यांबद्दल नंतर विचारा, आधी ते रजिस्टर सुरू करा.